घाटावरचं गाठोडं

चुडामण आप्पा कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांना समाजसेवेची हुक्की आली. शहाद्यात त्यांनी निवृत्तांचं सेवा मंडळ काढलं. अध्यक्षपद तेवढं निःस्वार्थपणे स्वतःकडे घेतलं.

त्या रविवारी मंडळ प्रकाशा गावी तापीचा घाट झाडायला आलं. दुपारी तिथल्याच मांडवात आप्पांना ‘सेवारत्न’ मिळायचं होतं. आप्पांनी इस्त्रीच्या कुर्त्यात झाडू धरला, फोटो होईपर्यंत धरला आणि मग उपदेशाकडे वळले.

गेलेल्या माणसाचे कपडे गाठोड्यात बांधून लोक इथं नदीत सोडतात. दगूबाई नवऱ्याचं, सुकलालचं गाठोडं घेऊन पायरीवर बसली होती. आप्पांनी तिला चारचौघांत झापलं, “बाई, नदी घाण करता? एखाद्या गरजूला द्या. काही मूल्यं आहेत की नाहीत?” दगूबाईनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. आप्पांनी मंडळाला हुकूम सोडला, की गाठोडं दिसलं की कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकायचं, कोणाचं म्हणून विचारत बसायचं नाही.

सत्काराला घामाचा वास नको म्हणून आप्पा आंघोळीला उतरले. कुर्त्या-पायजम्याला धूळ लागू नये म्हणून मोबाइलसकट सगळं टॉवेलात बांधून पायरीवर ठेवलं. मंडळात खरोखर काम करणारे एकटे झिपरूनाना. त्यांनी गाठोडं पाहिलं आणि ते विचारत बसले नाहीत.

मांडवात नाव पुकारलं गेलं तेव्हा आप्पा छातीभर पाण्यात होते. शुद्ध मराठी केव्हाच वाहून गेली होती.

“नाना, मन्हा कपडा कोठे शेतस?”

“ट्रॉलीमा. ट्रॅक्टर गया. तुम्हीच सांगेल व्हतं, इचारत बसानं नई.”

आप्पांनी एकेकाकडे सदरा मागून पाहिला. मंडळी आपापल्या कडक इस्त्रीकडे बघत राहिली, मग पलीकडच्या काठाकडे. शेवटी दगूबाई उठली. गाठोडं सोडून तिनं ठिगळाचा सदरा आणि धोतर पुढं केलं.

“ल्या भाऊ. गरजूले द्या, तुम्हीच सांगं ना. सकायपाईन देखी ऱ्हायनू, तुमनाइतला गरजू आठे कोनीच नई.”

आप्पा सुकलालच्या कपड्यांत मंचावर चढले. पाहुणे गहिवरले. एवढा मोठा माणूस आणि हा साधेपणा, म्हणत त्यांनी ठिगळावरच शाल पांघरवली. टाळ्या झाल्या. आप्पांनी नम्रपणे मान लववली.

मागं उभ्या दगूबाईनंही डोळे पुसून हात जोडले, ते सदऱ्याला.

“जितापनी त्यासले कोनी शाल नई घाली,” ती नानांना म्हणाली.