ओव्हरटेक न करणारे नाडकर्णी

आयर्लंडमधल्या आमच्या ॲडम्सटाउनमध्ये पार्किंगचं तिकीट फुलक्यांच्या चिमट्याने ओढणारा माणूस एकच, आमचे शेजारी नाडकर्णी. त्यांच्या जुन्या अमेरिकन मसल कारचं स्टिअरिंग डावीकडे आणि इथली सगळी मशिनं उजवीकडे, त्याला ते तरी काय करणार!

बरं, गाडी तरी नावाजलेली असावी! ही सत्तरच्या दशकातली, पेट्रोलटंचाईनंतरची. अंग पैलवानाचं, दम पेन्शनरचा. मी एकदा "बडा घर पोकळ वासा" म्हणालो, तर नाडकर्णी महिनाभर बोलले नाहीत. "वाईट काळात जन्मली, त्यात तिचा काय दोष?" एवढंच म्हणाले. मागून कुणी हॉर्न दिला की यांचं ठरलेलं, "घाई कसली?"

परवा मात्र घाई होती. ॲथलोनला त्यांच्या मुलीचा, ईराचा, पदवीदान समारंभ होता. वहिनी शहाण्या, त्या सकाळच्याच ट्रेनने गेल्या. ओव्हरटेक करताना पुढचा रस्ता उजवीकडूनच दिसतो म्हणून नाडकर्ण्यांनी मला शेजारी बसवलं. गाडी तापते म्हणून मोटरवे सोडून जुन्या रस्त्याने निघालो, आणि पुढे ट्रॅक्टर आला.

"मोकळं आहे का रे?"

"आहे. जा!"

नाडकर्णी जाईनात. पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम, तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला. ईराचा मेसेज आला, "बाबा, आर यू नियर?"

"अहो, चुकेल सगळं!" मी ओरडलो.

"हिला नाही जमत रे," ते गाडीवर हात ठेवून म्हणाले.

ईराचं नाव पुकारलं तेव्हा आम्ही धापा टाकत सभागृहाच्या दारात शिरत होतो. मला त्यांचा मनापासून राग आला होता.

परतताना ईरा उजवीकडे बसली. मी मागे वहिनींशेजारी, गुडघे हनुवटीला लावून. पुन्हा ट्रॅक्टर!

"मोकळं आहे का गं?"

"यू आर ग्रँड, बाबा. मोकळं आहे, गो."

नाडकर्ण्यांनी बघितलंसुद्धा नाही. गाडी गुरगुरली आणि ट्रॅक्टर मागे पडला.

मी थक्क झालो. वहिनी हळूच म्हणाल्या, "लहानपणापासून तीच सांगायची. ती शिकायला गेली, तेव्हापासून यांनी कुणालाच मागे टाकलं नव्हतं. आता तिला नोकरीही तिकडेच लागलीय. उद्या जाईल परत."

ॲडम्सटाउन जवळ आलं. पुढे सगळा रस्ता रिकामा होता, तरी गाडी हळू झाली. मागच्याने हॉर्न दिला.

"घाई कसली?" नाडकर्णी म्हणाले.

या वेळी मला राग आला नाही.