चौकशीरावांचा जबडा

कोणत्या दुखण्याला कोणता डॉक्टर, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं बस स्थानकावरचे चौकशीराव छातीठोकपणे सांगायचे. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण चौकशीच्या खिडकीत सगळी नोकरी गेली म्हटल्यावर ते कोण लक्षात ठेवतो? खिडकीसमोर माणूस आला की त्याच्या पिशवीकडे बघून त्याला काय हवंय ते हे ओळखणार. त्याने "दादा, ती दुपारची..." एवढं म्हणायचा अवकाश, आतून उत्तर हजर: "तीन नंबर. पुढचे." प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेणं म्हणजे वेळेची नासाडी, असं त्यांचं ठाम मत होतं.

गाड्यांच्या घोषणाही तेच करायचे. त्या इतक्या वेगात की शब्द एकमेकांच्या अंगावर कोसळायचे. घोषणा संपली की निम्मं स्थानक उठून खिडकीशी यायचं आणि आत्ता काय म्हणालात म्हणून विचारायचं. चौकशीरावांना वाटायचं, लोकांना आपल्याशी बोलायला आवडतं. घ्या!

अशात साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून घोषणा यंत्रातून होणार, आणि यंत्रात आवाज तुमचाच भरायचा. चौकशीराव हवेतच गेले. निवृत्ती उंबरठ्यावर आलेली, पोरं आपापल्या वाटेला लागलेली. घरी येऊन त्यांनी आधी बायकोला सांगितलं.

"अगं, मी घरी बसेन, पण आवाज नोकरीवर राहील."

ती बिचारी डोळे पुसत म्हणाली, की चला, म्हणजे घरात जरा शांतता.

एकच काटा होता, पार्सलवाला. तो नाकात बोलायचा आणि त्यालाच भारदस्तपणा समजायचा. काही अडचण आली तर मी आहेच, असं तो साहेबांना दिवसाआड ऐकवत होता.

आणि अडचण आली! कानाशी ठणका सुरू झाला. घास चावताना कटकट आवाज व्हायचा. सकाळी तोंड उघडायला जायचं तर जुन्या कपाटाच्या दारासारखी ओढाताण. कानाशी दुखतंय म्हणजे कान, असा निकाल देऊन चौकशीराव मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले.

डॉक्टरांनी दिवा लावून दोन्ही कान पाहिले. "कान अगदी स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "दुखतंय ते कानाच्या पुढे, तिथे..."

"पुढे म्हणजे दात," चौकशीराव म्हणाले आणि उठलेसुद्धा. डॉक्टरांचा दिवा कपाळावर तसाच जळत राहिला.

दातांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. चौकशीरावांनी खुर्चीत बसता बसताच त्यांना सांगून टाकलं, की अक्कलदाढ आहे, काढून टाका. बाईंनी शांतपणे फोटो काढला, तो उजेडात धरला. दाढा सगळ्या ठणठणीत होत्या.

"काका, हे दातांचं नाही. सांध्याचं आहे, आणि त्यासाठी वरच्या..."

"सांध्याचं, म्हणजे हाडांचे डॉक्टर! आधी नाही का सांगायचं?"

बाई दारापर्यंत मागे आल्या. पण चौकशीराव जिना उतरून अंगणापलीकडच्या इमारतीत पोहोचलेही होते.

हाडांच्या डॉक्टरांकडे ही गर्दी. ते बिचारे समोरच्या प्लास्टरवरून नजर न काढता म्हणाले, कुठला सांधा? चौकशीरावांनी मान वाकडी करून दाखवली आणि म्हणाले, हा इथला. वाकडी मान बघून डॉक्टरांना जे वाटायचं तेच वाटलं. चौकशीराव घरी आले ते मानेला पांढरा पट्टा बांधूनच. हनुवटी वर, नजर छताकडे.

"जबडा दुखतोय ना तुमचा?" बायकोने विचारलं. "मग मानेला काय झालं?"

त्यातलं तुला कळायचं नाही, असं चौकशीराव छताला म्हणाले.

उद्यावर रेकॉर्डिंग आलं होतं. बायकोने विनवलं, की मी येते बरोबर, परत एकदा नीट दाखवू. पण दुखतंय म्हटलं की पार्सलवाला टपलेलाच, म्हणून चौकशीरावांनी गोळी घेतली आणि सकाळी त्या पट्ट्यासकट साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. यंत्रवाल्याने माइक लावला. पार्सलवाला सहज आल्यासारखा दाराशी टेकला. चौकशीरावांनी एका दमात दोन-तीन गाड्या सोडल्या. यंत्रवाल्याच्या कानाला काही लागेना.

"शब्द कळत नाहीयेत," तो म्हणाला. "तोंड मोठं उघडून बोला बघू."

चौकशीरावांनी जिद्दीने भलंमोठं तोंड उघडलं. कानाशी खट्‌ झालं. आणि तोंड तसंच राहिलं!

काही केल्या मिटेना. "प्रवाशांनी"मधला आ तेवढा यंत्रात लांबलचक भरला गेला. साहेब खुर्चीतून उठले. यंत्रवाला म्हणाला, इतकंही नको. पार्सलवाल्याने हलकेच घसा साफ केला, आणि चौकशीरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुखण्याचं होतंच, पण सगळंच काही दुखण्याचं नव्हतं.

साहेब माणूस चांगला. परवा पुन्हा बघू, म्हणाले. पण परवाही जमलं नाही, तर पार्सलवाला.

निरोप मिळताच बायको धावत आली. रुमालाने त्यांचं तोंड झाकून तिने त्यांना इस्पितळाच्या चौकशी खिडकीशी नेलं. आतल्या माणसाने उघड्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"घसा. डावीकडे. पुढचे."

"अहो, ऐकून तरी घ्या..."

"डावीकडे म्हटलं ना बाई. पुढचे."

चौकशीराव आ वासून त्याच्याकडे बघत राहिले. दुसरं काही करताही येत नव्हतं म्हणा. पण त्या खिडकीची काच फोडावी असं त्यांना मनापासून वाटलं, आणि लगेच का कोण जाणे, फार ओशाळल्यासारखं झालं.

बायकोने डावीकडे नेलंच नाही. ती सरळ दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि त्यांचं वाक्य तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाई म्हणाल्या, की हा जबड्याचा सांधा, आणि त्यासाठी वरच्याच मजल्यावर जबड्याचे सर्जन बसतात. काका गेल्या खेपेला दोन मिनिटं थांबले असते तर मीच नेऊन सोडलं असतं.

जबड्याचे सर्जन म्हणजे एक बुटके, मितभाषी गृहस्थ. त्यांनी दोन्ही अंगठ्यांना कापड गुंडाळलं, ते चौकशीरावांच्या खालच्या दाढांवर टेकवले, खाली दाबून मागे सरकवले. खट्‌! तोंड मिटलं. मग त्यांनी मानेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि हा कशाला होता असंही विचारलं नाही.

चौकशीरावांनी आभार मानायला तोंड उघडलं, तर सर्जनांनी हनुवटीखाली हात धरला.

"हळू. बोटभरच उघडायचं. रात्री दात आवळता तुम्ही, दिवसभर एका दमात बोलता. त्या सांध्याने किती सोसायचं? पातळ खा, जांभई आली तर हनुवटीला मूठ लावा. आणि बोलायचंच झालं तर एकेक शब्द, थांबून थांबून."

पहिल्यांदाच चौकशीरावांनी कुणाचं तरी बोलणं पूर्ण ऐकलं.

ठरल्या दिवशी ते पुन्हा माइकसमोर उभे राहिले. पार्सलवाला नवा शर्ट घालून आला होता. चौकशीरावांनी बोटभर तोंड उघडलं. एक शब्द. थांबले. दुसरा शब्द. मधे सांधा दुखला की आपसूक स्वल्पविराम यायचा. शेवटची गाडी सुटली तेव्हा यंत्रवाल्याने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, वा. साहेबांनी तर पाठ थोपटली. पार्सलवाला पार्सलं उचलायला गेला. त्या रात्री बायकोने पातळ खिरीत साखर जरा जास्तच घातली.

आता स्थानकावर चौकशीरावांचा आवाज घुमतो. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर, सगळं अगदी बाकावर टेकलेल्या म्हाताऱ्यालाही बसल्या जागी कळतं. लोक आपापल्या पिशव्या उचलून थेट आपापल्या गाडीकडे जातात. खिडकीशी कुणी फिरकत नाही.

चौकशीराव रोज वेळेवर येतात, काच पुसतात, हाताची घडी घालून बसतात. जबडा आता ठणठणीत आहे. परवा मात्र एक गृहस्थ चक्क खिडकीसमोर येऊन उभे राहिले. चौकशीराव पुढे सरकले. आज प्रश्न अख्खा ऐकायचा, मधे एक अक्षर बोलायचं नाही, असा निश्चय करून वाट बघत राहिले. बराच वेळ गेला, तेव्हा न राहवून त्यांनीच विचारलं, काय हवंय?

"काही नाही हो," गृहस्थ म्हणाले. "इथे जरा सावली आहे."