सुलूकाकूंची जीभ

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत सुलूकाकूंनी चाखल्याशिवाय पाहुण्यांच्या ताटात आमटी पडत नाही. वाटी घेऊन त्यांची बेल वाजवायची. त्या चमचा तोंडात घालतात, डोळे मिटतात आणि हात वर करतात. "थांब. जिभेला विचारू दे." मग निकाल लागतो. "मीठ जागेवर नाही." किंवा, "चिंच भांडतेय गं गुळाशी." यावर अपील नाही.

एकदा सत्यनारायणाचा शिरा त्यांनी देवाआधीच चाखला. गुरुजी चिडले. काकू म्हणाल्या, "देव बोलून दाखवत नाही, म्हणून काय त्याला काहीही द्यायचं?" पुढच्या पूजेला गुरुजी शिऱ्याच्या पातेल्याला टेकूनच बसले.

गेल्या मे महिन्यात मिक्सरचं भांडं बदलायला मी त्यांना सीवूड्सला घेऊन गेलो. काम झालं, पण ऊन असं की रिक्षाच्या सीटवर बसवेना. समोर एसी हॉटेल दिसलं, शिरलो. ते निघालं स्वतःची बिअर बनवणारं. वेटर म्हणाला, "सर, आज बेल्जियन स्टाइल रेड आहे. थोडी आंबट असते." काकूंसमोर मागवायची कशी, या विचारात मी असतानाच काकूंनी, "याच्यासाठी आण एक," म्हणून सांगितलं. स्वतःला लिंबू सरबत.

ग्लास आला. बिअर तांबडीलाल, कोकमाच्या आगळासारखी. काकूंनी ग्लास थेट स्वतःकडे ओढला.

"काकू, दारू आहे ती."

"मी पीत नाहीये. चाखतेय."

घोट घेतला. डोळे मिटले, हात वर गेला. वेटरही निकालासाठी थांबला. पण हात खाली येईना. मग त्यांनी आणखी एक घोट घेतला. काकू कधी कशाचाही दुसरा घोट घेत नाहीत.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "आंबट लागलं मला."

"आंबटच आहे ती."

"तसं नाही रे. मागे मोठा ताप आला होता ना मला, तेव्हापासून माझी जीभ मेलीय. मीठ नाही, गूळ नाही, काही म्हणता काही कळत नाही."

"मग एवढे निकाल?"

"करणारीचं तोंड बघते. घाबरलेली असली की मीठ जास्त. मोबाइल बघत आली असेल तर कमी."

"पण ते बरोबर निघतात!"

"निघतात कसले? मी म्हटलं की तुम्हाला तसं लागतं."

त्याआधीच्याच रविवारी काकूंच्या शब्दावर आईने आमटीत मूठभर गूळ घातला होता आणि आम्ही सगळ्यांनी 'आता कसं!' म्हणत ती भुरकली होती.

"पण कोणाला तरी सांगायचं ना, काकू."

"सांगितलं असतं तर माझ्याकडे आलं असतं कोण?"

काकूंनी ग्लास माझ्यापुढे सरकवला. "आता तू घे. आंबटाच्या मागे काय आहे ते सांग. मला तिथपर्यंत जाता येत नाही."

मला बिअरमधलं ओ की ठो कळत नाही. तरी घोट घेतला, तोंडात फिरवला. "मागे जरासं गोड आहे. पिकल्या करवंदासारखं. आणि मग... जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखं काहीतरी."

"सागवानी?"

"सागवानीच."

काकूंनी डोळे मिटले. सरबतातला बर्फ कधीच विरघळला होता.

"आणखी एक घोट घे," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश सांग."