पुंडलिकभाऊंच्या दीड फुटी इमारती

आमच्या शेजारचे पुंडलिकभाऊ कुठलीही वस्तू उभ्याने पाहत नाहीत. आधी गुडघे मोडून तिच्या पातळीला येतात, डावा डोळा मिटतात आणि उजव्याने बराच वेळ निरखतात. मी पोह्यांची बशी पुढे ठेवली तरी तेच.

"वहिनी, मुंगीच्या नजरेनं पाहा लागते. उभ्यानं पाह्यलं तं सारंच चांगलं दिसते."

मग कोथिंबिरीची चार पानं चिमटीने इकडची तिकडे करतात आणि निवून गेलेले पोहे खातात.

इरा, निनाद, तुम्ही त्यांना फोनच्या पडद्यावर पाहिलेलं आहे. दर रविवारी तुमचा फोन येतो. "आजी, कशी आहेस?" एवढं झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पुंडलिककाका काय बनवतायत?" मग मी फोन घेऊन कुंपणापाशी जाते. तिथून पुढे आजी म्हणजे नुसता फोन धरायचा खांब. मला याचा थोडा राग येतो, हे सांगून ठेवते. पण दुसऱ्यावर जळण्यात पुंडलिकभाऊंचा हात धरणारं अख्ख्या अमरावतीत कोणी नाही, म्हणून आधी त्यांचं सांगते.

त्यांचा धंदा इमारतींची मॉडेलं करण्याचा. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली ठेवतात ना, चिमुकले फ्लॅट, चिमुकल्या मोटारी, खिडक्यांत दिवे, ती. पूर्वी ते अकोटच्या एका जिनिंगमध्ये नोकरीला होते. मालकाला कुठल्याशा प्रदर्शनात ठेवायला कारखान्याची प्रतिकृती हवी होती. पुंडलिकभाऊंनी ती केली, तिच्यात नखाएवढ्या कापसाच्या गाठी रचल्या, आणि लोक कारखाना सोडून ती बघायला येऊ लागले. महिन्याभरात यांनी नोकरी सोडली. अंजनगाव सुर्जीहून वडील तावातावाने आले. वडिलांचं एकच म्हणणं होतं, "घर बांधाच्या वयात हा घर घर खेळून राहिला!"

लग्नाची एक बोलणी झाली होती. ती हकीगत पुंडलिकभाऊ स्वतःच रंगवून सांगतात. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?"

"बिल्डिंगा करतो."

"वा! किती मजल्याच्या?"

"आता बारा मजल्याची चालू हाय."

"बाप्पा! मंग उंची किती भरते?"

"दीड फूट."

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. त्यानंतर कुणी बोलणी केली नाहीत, यांनीही करवली नाहीत.

आता त्यांच्या जळफळाटाबद्दल. पहिला नंबर खऱ्या इमारतींचा. यांच्या मॉडेलवरून खरी इमारत उभी राहिली की हे तिच्यासमोर जाऊन उभे राहतात आणि तोंड वाकडं करतात. "दोन पावसाळ्यात पोपडे निंगाले. माह्यावाल्यात निंगाले का?" माझ्या गॅलरीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं तेव्हा मला ते काढू देईनात. रोज भिंग घेऊन स्टुलावर चढायचे. "पट्टी नाई, पेन्सिल नाई, अन् एक कोपरा चुकला नाई." चौथ्या दिवशी माशी चावली, गाल सुजला, तरी म्हणाले, "काम पक्कं हाय तिचं." पण ते कौतुकाने नाही, दात खाऊन. तुम्ही प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा किल्ला केलात, त्याचा फोटो मी दाखवला, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. "तुकडे कंपनीचे. पोट्ट्यायनं काय केलं त्याच्यात?"

आणि या सगळ्यांच्या वरचा हेवा म्हणजे 'तो अकोलेवाला'.

अकोलेवाल्याला नाव होतं, पण ते घ्यायचं नाही असा दंडक होता. तो यांचा जुना भागीदार. वीस-बावीस वर्षं दोघांनी आमच्या शेजारच्या त्या खोलीत एकाच टेबलावर काम केलं. घोसाळी वेलावरच वाळू द्यायची, त्यांच्या जाळीला हिरवा रंग देऊन झाडं करायची, ही युक्ती त्या दोघांची. आणखी एक रीत दोघांची होती. कुठलंही मॉडेल असो, शाळेचं, दवाखान्याचं, फाटकाबाहेर एका कोपऱ्यात चहाची टपरी असायची आणि तिच्या बाकावर तारेची दोन माणसं. बिल्डरला ती दिसायचीही नाहीत. तुमच्या आजोबांना त्यांनी आपल्या घराचं मॉडेल करून दिलं, ते दिवाणखान्यात आहे. त्यातही ती दोघं बसलेली आहेत. एकाच्या गळ्यात लाल दोऱ्याचा मफलर. पुंडलिकभाऊ मे महिन्यातही लाल मफलर काढत नाहीत. घसा धरतो म्हणतात.

मग भागीदाराच्या डोक्यात कापायचं यंत्र घ्यायचं आलं. कॉम्प्युटरने चालणारं, केसाएवढी रेघ कापणारं. पुंडलिकभाऊ म्हणाले, "मशीन ठेव, नाईतं मले ठेव." त्याने बायकोच्या माहेरी, अकोल्याला, दुकान टाकलं आणि यंत्र घेतलं. त्यानंतर पुंडलिकभाऊंच्या मॉडेलात टपरीवर एकच माणूस दिसू लागला. मी एकदा विचारलं, "दुसरा कुठे गेला हो?"

"बदली झाली त्याची," ते म्हणाले आणि करवतीचं पातं बदलायला लागले.

आता अकोल्यात कुठे नवं मॉडेल लागलं, असं कळलं की हे एसटीने निघतात. दोष काढायला. एकटा म्हातारा फ्लॅट बघायला आला तर कुणी आत घेत नाही, म्हणून सोबत मला नेतात. मी त्यांची मोठी बहीण व्हायचं, फ्लॅट मला घ्यायचा असायचा. मी इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर ठेवून, विक्रीवाल्या मुलीला पाण्याच्या दाबाबद्दल प्रश्न विचारत बसते. तेवढ्यात हे खिशातून भिंग काढून मॉडेलला प्रदक्षिणा घालतात. परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत दोष सांगणं चालतं. "झाडं पाह्यली? फुलकोबी लावली हाय का रस्त्यानं?"

या उन्हाळ्यातली फेरी मात्र वेगळी होती. अकोल्यात मोठी वसाहत होणार होती. चार विंगा, मध्ये बाग. त्या मॉडेलसाठी दोघांनाही नकाशे मिळाले होते. पुंडलिकभाऊंनी ते महिनाभर भिंतीला लावून तोंडपाठ केले. असं काम पुन्हा येणार नाही, हे मलाही कळत होतं. त्यांच्याकडे अलीकडे माणसं येईनाशी झाली होती. काम अकोलेवाल्याला मिळालं. यांनी दोन दिवस जेवण टाकलं. पुढे ते मॉडेल ऑफिसात लागल्याचं कळलं, त्या दिवशी म्हणाले, "चला वहिनी. एक चूक सापडू द्या. तिथल्या तिथी मॅनेजरले दाखवतो. मॉडेल वापस जाईन त्याचं, अन् काम माह्याकडं येईन."

ऑफिसात थंडगार हवा होती. मॉडेल खरोखर सुंदर होतं. ते मला मोठ्याने म्हणता आलं नाही, एवढंच. मी पाण्याच्या दाबाचा विषय काढला. पुंडलिकभाऊंनी वाकून फेरी सुरू केली आणि दोन मिनिटांत माझ्या कानाशी आले.

"सापडलं! बी विंग उलटी बसवली त्यानं! टेम्पोतून उतरवतानी फिरली असन. सैपाकघरं उगवतीले पाह्यजेत, थे मावळतीले गेले. लोकं पूर्वेचा म्हणून पश्चिमेचा फ्लॅट घेतीन वहिनी! बोंबलन सारं अकोला!"

"नक्की का?"

"नकाशा पाठ हाय मले. बलवा मॅनेजरले."

विक्रीवाली मुलगी आतून मॅनेजरला घेऊन आली. तरुण, नम्र मुलगा. "बोला काका, काय दाखवायचं म्हणालात?"

पुंडलिकभाऊ दाखवायलाही फाटकापासूनच सुरुवात करतात. ते गुडघ्यांवर बसले, डावा डोळा मिटला, भिंग लावलं. आणि तसेच राहिले.

मी थोडी वाकले. फाटकाबाहेर, कोपऱ्यात, चहाची टपरी होती. बागेतली, रस्त्यावरची सगळी माणसं यंत्रातून निघालेली, एकसारखी, पांढरी. टपरीच्या बाकावरची दोघं तेवढी तारेची होती, हाताने वळवलेली. एकाच्या गळ्यात लाल दोरा होता.

"काका?" मॅनेजर म्हणाला. "काही शंका आहे का?"

पुंडलिकभाऊ उठताना टेबलाला धरून उठले. "शंका नाई. हात चांगला हाय करणाराचा," ते म्हणाले. "एवढंच सांगाचं होतं."

बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही.

"सुध्या? ... मी बोलून राहिलो. ... हाव, मीच. ... काहून म्हंजे? अकोल्यात हाव. तुही बी विंग उलटी बसली बे. ... नाई, कोणालेच नाई सांगितलं. दुकानातून निंग, अन् ब्लेड घेऊन ये, गोंद घेऊन ये. डाग पुसाचा हाय म्हणू त्यायले, अन् दोघं मिळून फिरवू. ... थांबलो न मी. ये."

मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी एसटीनं निंगा. मले वेळ लागन."

त्यांनीच मला रिक्षात बसवलं. माझा दशम्यांचा डबा मात्र ठेवून घेतला, 'त्याले तुमच्या दशम्या आवडते' म्हणाले. मी इतक्या वेळा त्यांची बहीण झाले, पण अकोल्यात त्यांनी मला कधी चहाचं विचारलं नाही. खरं सांगते, त्या दुपारी मला त्या सुधाकरचा हेवा वाटला.

रिक्षावाला सवारीची वाट बघत थोडा थांबला होता, म्हणून पुढचं दिसलं. समोरच एक खरी टपरी होती. पुंडलिकभाऊ तिच्या बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसले आणि ओरडून म्हणाले, "दोन चहा कर!" एक माणूस शेजारी बसू लागला, तर त्याला हाताने अडवलं.

"जागा धरली हाय, भाऊ."

मग त्यांनी गळ्यातला लाल मफलर काढला, घडी केली आणि बाकाच्या रिकाम्या अर्ध्यावर ठेवला.