सुरतेला राहणारी गाडी

देवचंद जळगावात राहायचा आणि त्याची गाडी सुरतेत. महिन्यातले दहा दिवस दोघं एकत्र असायचे. बाकीचे वीस दिवस देवचंद मोबाइलमधला तिचा फोटो बघून ऑफिसला सायकलवर जायचा.

हे सगळं त्याच्या मायमुळे झालं. मंजुळाबाईचं माहेर दोंडाईच्याचं. चार वर्षांपूर्वी ती तिथे एका लग्नाला गेली, तेव्हा भावजय मंदाबाई बठ्ठ्या म्हणजे सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "अक्का, एसटीनं किती धक्के खाल? पोराला सांगा ना एखादी गाडी घ्यायला." बोलणं गोड होतं, पण मंजुळाबाईला ते अजून पचलं नव्हतं. आता धाकट्या भाच्याचं लग्न निघालं आणि म्हातारीनं जाहीर केलं, "सोताच्या गाडीतून उतरेन, नाहीतर येणार नाही. भाऊ रडो की भावजय."

देवचंद सरकारी ऑफिसात कारकून. घराचं कर्ज डोक्यावर होतं, बँक दारात उभं करीना. तेवढ्यात त्याला एक कंपनी सापडली. महिन्याला भाडं द्या, चार वर्षं गाडी फिरवा, मग परत करा. फक्त गिऱ्हाईक गुजरातचं पाहिजे.

देवचंदचा साडू सुपडू सुरतेला उधन्यात राहायचा. साड्यांच्या कारखान्यात मिस्त्री होता.

"पत्ता तर देतो भाऊ," सुपडू फोनवर म्हणाला, "पण तपासणीला माणूस येतो म्हणे."

"मग दोन दिवस मी येऊन राहतो. शेजाऱ्यांना सांगून ठेव, मी तिथलाच म्हणून."

सुपडूनं नको इतकं सांगून ठेवलं. माणूस आला, त्यानं पहिलंच दार वाजवलं. शेजारची मोहिनी म्हणाली, "देवचंदभाऊ? पंधरा वर्षं झाली इथं. आत्ता कामावर गेलेत." वरून सुपडू ओरडला, "अंघोळीला बसलेत, या वर." माणूस गोंधळून खाली आला आणि टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या गृहस्थाला त्यानं विचारलं, "इथे देवचंद नावाचे कोणी राहतात का हो?"

तो गृहस्थ देवचंदच होता. "मी नवीन आहे इथं," तो म्हणाला.

माणसानं हातातल्या कागदावरचा फोटो पाहिला, मग देवचंदला पाहिलं. "कुठले तुम्ही?"

"जळगाव," देवचंदच्या तोंडून गेलं.

"मी अमळनेरचा, तुमच्याच जिल्ह्यातला. आता घरात चला, कढी-भात असंल तर जेवतो आणि सही करतो."

सुपडूच्या बायकोनं, लताबाईनं, कढी-भात बाजूला ठेवून पाहुण्यासाठी मांडे केले. कराराची एकवीस पानं मांड्यांच्या ताटाशेजारीच पडली होती. गरम मांडा एकीकडे आणि बारीक अक्षरं एकीकडे. खान्देशातला माणूस काय निवडणार? देवचंदनं एका हातानं मांडा मोडला आणि दुसऱ्या हातानं एकवीस सह्या केल्या.

सतराव्या पानावर लिहिलं होतं की महिन्यातले वीस दिवस गाडी करारातल्या पत्त्यावर उभी दिसली पाहिजे. गाडीत एक यंत्र होतं, ते गाडी कुठे आहे ते कंपनीला सांगायचं. हे देवचंदला कळलं अकराव्या दिवशी, गाडी जळगावात असताना, कंपनीच्या फोनवरून.

"सर, आपली गाडी अकरा दिवस जळगावात दिसते."

"पाहुण्यांकडे आलोय."

"पुढच्या महिन्यापासून अकरावा दिवस दिसला की करार रद्द आणि अनामत जप्त."

तेव्हापासून गाडी उधन्यात. सुपडू तिला रोज पुसायचा, आणि पुसलेली गाडी उभी ठेवायची तरी किती म्हणून लताबाईला भाजीला न्यायचा. उधन्यात लोक सुपडूला 'शेठ' म्हणू लागले. देवचंदला हे फोटोंवरून कळायचं. सगळ्या फोटोंत गाडी असायची आणि तिच्या दाराला टेकून सुपडू.

लग्न आलं मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला. देवचंदनं हिशेब केला तर नऊ दिवस आधीच उडालेले. पाच दिवस ऑफिसवाल्यांना दाखवण्यात, दोन फैजपूरला चक्कर मारण्यात, आणि दोन नुसती दारात उभी करून शेजाऱ्यांना 'नवी घेतली का' असं विचारायला लावण्यात. उरला एक. तोसुद्धा रात्री आठच्या आत गाडी परत पत्त्यावर पोचली तरच एक, नाहीतर कंपनी दोन दिवस धरायची.

"मग मी सकाळी घेऊन येतो दोंडाईच्याला," सुपडू म्हणाला. "तुम्ही मायलेक रेल्वेनं या. स्टेशनपासून मांडवापर्यंत गाडीतून. बघणाऱ्याला काय कळतंय?"

मंजुळाबाईला रेल्वेचा भाग पटला नाही, पण उतरण्याचा भाग पटला.

ठरल्याप्रमाणे स्टेशनाबाहेर गाडी उभी होती, आरशासारखी. देवचंद किल्लीसाठी हात पुढे करणार, तोच मायनं त्याला मागे ओढलं. "मालक मागं बसतो. ये इकडं."

मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबली. सुपडूनं उतरून मागचं दार उघडलं. मंजुळाबाई उतरली ती सावकाश, आधी एक पाय, मग पदर, मग दुसरा पाय. मंदाबाई पुढे आली. तिनं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"अक्का, कोणाची शे ही?"

"देवचंदची."

"नंबर तर गुजरातचा दिसतो."

"सुरतेला घेतली मामी. तिकडे चांगल्या मिळतात," देवचंद म्हणाला.

"आणि हे कोण?" मंदाबाईनं सुपडूकडे बोट केलं.

देवचंद बोलणार, तेवढ्यात माय म्हणाली, "डायव्हर."

सुपडूनं देवचंदकडे पाहिलं. देवचंदनं मांडवाच्या झालरीकडे पाहिलं. खरं सांगायला एक क्षण पुरला असता, पण तो क्षण झालर किती छान लावलीय हे बघण्यात गेला.

मंदाबाईनं आतल्या पोरींना हाक मारली, "एक पान डायव्हर लोकांत वाढा गं."

सुपडू तिकडे गेला. वऱ्हाडाच्या बसच्या ड्रायव्हर-क्लीनरांत मांडी घालून बसला आणि वरण-बट्टीवर तूप मागून मागून घेतलं. देवचंद आतल्या पंगतीत बसला. सुपडू दर थोड्या वेळानं लांबून हात जोडून त्याला नमस्कार करत होता.

दुपारी निघायची वेळ झाली. अक्काला निरोप द्यायला भाऊ, भावजय, चुलतभाऊ, निम्मी आळी गोळा झाली. माय आयुष्यात पहिल्यांदा माहेरातून ताठ मानेनं निघत होती. सुपडूनं अदबीनं दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, मालकाचा फोन होता. गाडी आठच्या आत सुरतेत पाहिजे म्हणे. तुम्हाला रेल्वेपर्यंत सोडतो आणि पळतो."

देवचंदनं खोटं म्हणावं तर सुपडू अक्षराअक्षराला खरं बोलला होता.

"मालक?" मंदाबाईनं विचारलं. "म्हणजे भाड्याची शे?"

मंजुळाबाई गाडीत बसली आणि समोर बघत राहिली. चार वर्षांनी मिळालेलं चार तासांत गेलं होतं. सुपडूचंही तोंड पडलं. आपण टोला देवचंदला मारला आणि लागला म्हातारीला, हे त्याला आत्ता कळलं.

मंदाबाई खिडकीपाशी आली. आळीकडे पाठ केली, डोकं काचेतून आत घातलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, आठ म्हणजे बरं शे वं. आमच्या थोरल्या पोराची गाडी सातलाच खेतियाला पोचवावी लागते. माझ्या भावाच्या दारात. कंपनीचा माणूस मोजायला येतो."

मग डोकं बाहेर काढून ती मोठ्यांदा म्हणाली, "सांभाळून जा अक्का. गाडी छान शे."

गाडी निघाली. स्टेशन दिसायला लागलं तशी मंजुळाबाईनं पदरानं तोंड पुसलं, सीटवर नीट टेकून बसली आणि पुढे वाकून सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुपडूभाऊ, तुम्हाला तर बठ्ठं माहीत शे. खेतिया मध्य प्रदेशात येतं ना? तिथं पत्ता द्यायला आपलं कोणी राहतं का?"