हाताचा कौल

दोन हजार बावीस सालची दिवाळी धारच्या गोपाळरावांच्या घरी दबक्या पावलांनीच आली. आकाशकंदील टांगायला म्हणून गोपाळराव स्टुलावर चढले आणि छाती धरून तिथंच बसले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. "इंदुरास जा, हृदयाच्या नसा तपासून घ्या. टाळू नका," ते म्हणाले. गोपाळराव 'बरं' म्हणाले आणि त्याच दिवसापासून टाळू लागले. त्यांचे थोरले बंधू असेच इंदुरास तपासायला गेले होते आणि परत आले ते चौघांच्या खांद्यावर.

सुभद्राबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. देवापुढं बसल्या तरी कान बैठकीतल्या खोकल्याकडं. भाजणी भाजताना डोळे भरून येत, पण धुराचं निमित्त होतं म्हणून कोणी विचारलं नाही.

वसुबारसेला देवासहून मुलगा धीरज आणि सून विनीता आली. विनीतानं त्या वर्षी मोबाइलवर एक नवी विद्या शिकून घेतली होती. माणसानं हात खांद्याच्या रेषेत सरळ समोर धरायचा. विनीता प्रश्न विचारणार आणि मनगट खाली दाबणार. हात टिकला तर शरीराचा होकार, पडला तर नकार.

"शरीर झूठ नाही बोलत, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "झूठ डोकं बोलतं. आपण फक्त आतल्या आवाजावर भरोसा ठेवायचा."

पहिला सापडला मोनू दूधवाला. किटली खाली ठेवतो न ठेवतो तोच विनीतानं त्याला हात समोर धरायला लावला, "दूध शुद्ध आहे?" असं विचारलं आणि हापशाचा दांडा दाबावा तसं मनगट दाबलं. हात धाडकन खाली.

"भाभीजी, रातभर का जागा हूँ, हाथ क्या ख़ाक टिकेगा?" मोनू म्हणाला. पण कौल लागून गेला होता. मोनूनं किटली उचलली, ऐन दिवाळीत घरातलं दूध बंद झालं आणि बासुंदीचा बेत बारगळला.

मग धीरजची पाळी आली. लग्नानंतर बायकोपुढं हात टिकवायची त्याला सवयच राहिली नव्हती. त्याला गहू सोसत नाही असं निघालं, मैदा नाही, साखर तर मुळीच नाही. सगळं गाव करंज्या खात असताना धीरज भगर खात बसला.

"अरे, तुला काही म्हणावंसं वाटत नाही?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"जाऊ दे ना आई. तिचं एकदम परफेक्ट निघतं," धीरज भगरीकडं पाहत म्हणाला.

हे सगळं गोपाळराव झोपाळ्यावरून पाहत होते. नरकचतुर्दशीला अभ्यंग झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "सूनबाई, आमचंही विचारून टाक बघू. इंदुरास न जाता भागेल का?"

विनीतानं पदर डोक्यावर घेतला, मामंजींना वाकून नमस्कार केला आणि त्यांनी समोर धरलेल्या हातावर दोन बोटं टेकवली. हात तसूभर हलला नाही.

"मामंजी, होकार आला!"

"पाहिलंस?" गोपाळराव बायकोला म्हणाले. "इतकी वर्षं वीजमंडळात मीटर तपासले. यंत्र बरोबर कोणतं ते आम्हाला कळतं." आणि त्यांनी दोन लाडू खाल्ले. जिना चढून वर जाताना मात्र ते मधे थांबले आणि कठडा धरून, दम खात, उगाच काहीबाही बोलत राहिले. सुभद्राबाईंनी खालून ते पाहिलं.

दुपारी त्यांनी सुनेपुढं आपला हात धरला. "माझंही बघ. विचार, माझं नाव जमनाबाई आहे का?"

विनीतानं नमस्कार केला, दोन बोटं टेकवली. हात ताठ.

"बघ! आता काय म्हणशील?"

विनीता क्षणभर गोंधळली. मग तिचे डोळे पाणावले. "मागल्या जन्मीचं असणार, आत्याबाई. किती वर्षांनी त्या बाईला कोणी हाक मारली!" संध्याकाळी तिनं जमनाबाईंच्या अतृप्त आत्म्यासाठी वेगळा दिवा लावला. झोपाळ्यावरून हाक आली, "जमना, चहा टाक गं!"

सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढून ती दोन बोटं हलेनात. देवाला गंध लावावं तशी टेकलेली. या घराण्यात वडीलधाऱ्यांच्या हातातली वस्तूसुद्धा ओढून घेत नसत, खाली ओंजळ धरत. विनीता नवी नवरी होऊन आली तेव्हा हे वळण सुभद्राबाईंनीच तिला लावलं होतं.

"विनीता, त्यांचा हात जोर लावून दाब. मोनूचा दाबलास तसा."

"राम राम! मामंजींचा हात मी खाली पाडू? पाप नाही का लागणार?"

"आणि मोनूचा पाडलास तो?"

"तो दूधवाला आहे, आत्याबाई!"

यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता. पाडव्याला नवऱ्याला ओवाळून झाल्यावर सुभद्राबाईंनी तबक खाली ठेवलं आणि हात समोर धरला. "आज ओवाळणी नको. माझा हात दाबा. तुम्हाला तर पाप लागत नाही ना? प्रश्न माझा. यांना आजच इंदुरास न्यावं का?"

"हे काय खूळ?" म्हणत गोपाळराव उठले आणि त्यांनी मनगट दाबलं. हात हलला नाही. त्यांनी दोन्ही हात लावले. "सोड की!"

"सोडत नाही."

"दादा, लगाओ दम!" धीरज भगरीची वाटी घेऊन वडिलांमागं उभा राहिला. गोपाळरावांनी सगळा भार टाकला. सुभद्राबाई आतल्या आवाजाचं काही ऐकत नव्हत्या, शरीरालाही काही विचारत नव्हत्या. हात खाली आला तर हा माणूस जाईल, एवढंच त्यांना कळत होतं. खांद्यातून कळा येत होत्या. आणि एकाएकी मनगटावरचा भार सरला. गोपाळराव पाटावर बसले होते. कपाळावर घाम, पंजा छातीवर.

"काय होतंय?"

"तेच," ते लहान मुलासारखं म्हणाले. "स्टुलावर झालं होतं तेच."

विनीता पांढरीफटक पडली. शेजारच्या उमाशंकर भियांनी अंगणातली रांगोळी तुडवत गाडी दारापर्यंत आणली. इंदुरात समजलं की एक नस जवळजवळ बंद होती. तिथल्या डॉक्टरांनी स्टेंट घातला आणि विचारलं, "इतने दिन कहाँ थे?"

गोपाळराव त्यानंतर दोन वर्षं अळणी जेवत आणि कुरकुरत जगले. येईल त्याला सांगत, "सुनेच्या विद्येनं वाचलो. कौल लागला नसता तर संपलो होतो." मग एका पौषात दुपारचे निजले ते उठले नाहीत. मोनूनं पुन्हा त्या दारात किटली ठेवली नाही. धीरज कारखान्याच्या कँटीनमध्ये गुपचूप पोळी खातो. विनीताचं नाव मात्र फार झालं. तिच्याकडं बागलीहून, सरदारपुराहून गाड्या येतात.

सुभद्राबाईंनी धारच्या घराला कुलूप लावलं. आता त्या देवासला मुलाकडं असतात, बाहेरच्या खोलीत. आत नंबर लागेपर्यंत घाबरलेली माणसं त्यांच्याजवळ येऊन बसतात. कोणाचा नवरा आजारी, कोणाचं मूल. हळूच विचारतात, "आजी, तुमचे यजमान खरंच यानं वाचले होते?"

सुभद्राबाई त्या माणसाकडं नीट पाहतात. आतून सुनेचा आवाज येत असतो.

"वाचले होते," त्या म्हणतात. मग खाली वाकून कानाशी सांगतात, "पण तू आधी इंदुरास जा."