भानूकाकांची घोळीची जुडी

भानूकाका बेल वाजवत नाहीत, बेलवर बोट ठेवून उभे राहतात. दार उघडलं की हातातली घोळीची जुडी उलटी करून माती लागलेली मुळं आपल्या नाकापुढं धरतात आणि म्हणतात, "मुळासकट हाय, बघून घ्या."

आमच्या पुंडलिकनगरातल्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात घोळ अशी माजते की पायवाट दिसत नाही. लालसर देठाची, जाड पानांची, जराशी आंबट रानभाजी. काका वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मग काकू गेल्या, मुलगा पुण्याचाच झाला. काकांनी खुरपं हातात घेतलं, पण शिफ्ट काही सोडली नाही. सकाळी सायरन झाल्यासारखे प्लॉटवर हजर, मध्ये चहाची सुट्टी, मग घरोघर वाटप. आम्ही सगळे जुडी घेतो, गोड हसतो आणि निम्मी ओल्या कचऱ्यात टाकतो. रोज रोज घोळ कोण खाणार?

यंदा कॉलनीच्या अध्यक्षांनी, पाटीलसाहेबांनी, तणनाशकाचा विषय काढला. एकदा फवारलं की प्लॉट साफ, कटकट संपली.

काका उखडले. "खायच्या भाजीवर औषध मारता व्हय? लई शहाणे झाले सगळे. महिनाभर थांबा, हातानं काढून दावतो. मुळासकट."

महिना सरत आला, काका रोज राबत होते आणि घोळ होती तेवढीच होती. पाटीलसाहेब म्हणाले, वय झालं आता त्यांचं. मलाही तसंच वाटलं.

एका सकाळी दूध घेऊन येताना मी प्लॉटपाशी थांबले. काका पाठमोरे बसले होते. उपटलेल्या घोळीचे शेंडे खुडत होते आणि एकेक शेंडा बोटानं ओल्या मातीत खोचत होते. घोळीचा तुकडा ओलीत टेकला तरी रुजतो, हे माझ्यासारख्या चार कुंड्यावालीलाही ठाऊक आहे. काका तर वैजापूरकडच्या शेतात वाढलेले.

"काका, हे काय करताय?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. बोटांची माती चोळत म्हणाले,

"समदी संपली, तर उद्या तुमची बेल काय म्हणून वाजवू, ताई?"

कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या सगळ्या जुड्या एकदम आठवल्या.

रविवारी बैठकीत फवारणीचा विषय निघाला. मी उठून म्हणाले, "हातानंच काढू द्या. आमच्या घरी रोज लागते घोळ." धडधडीत खोटं. पाटीलसाहेब माझ्याकडं बघत राहिले. काका मान खाली घालून बसले होते. विषय पुढं ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली ती वाजतच राहिली. जुडी उलटी झाली. मी मुळं नीट निरखून पाहिली आणि म्हणाले, "काका, आत या. मला एकटीला निवडून होत नाही."

"आत?" काका म्हणाले.

मग ते वाकून चपला काढू लागले. साध्याच चपला, पण काढायला त्यांना फार वेळ लागला.